एवारिस्तोच्या डोक्यातला अर्धा वाटाणा

आदरणीय अन्सेल्मोदादा,

धाकट्या नेलिदाचा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो ना? वहिनींची द्राक्षं गारपिटीतून वाचली का, तेही कळव. आम्ही रोसारिओत ठीक आहोत (म्हणजे छत जागेवर आहे).

तुझ्या मेव्हण्याची, आमच्या एवारिस्तोची, हकिकत ऐक. तीस वर्षं फुटबॉलचा पंच म्हणून शिव्या खाऊन जो माणूस गुटगुटीत राहिला, तो निवृत्त झाल्यावर पलंगाला खिळला. चार महिने! दाढी नाही, मातेचा कडू चहा नाही, रविवारचा सामनासुद्धा नाही. शेवटी ओढतच मानसोपचारवाल्या इबार्साबाल डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्यांनी मेंदूचं चित्र काढून दाखवलं. मधोमध अर्ध्या वाटाण्याएवढा एक भाग, नाव हबेन्युला. अपेक्षाभंग झाला की तो चेकाळतो आणि ‘परत त्या वाटेला जाऊ नकोस’ म्हणून बजावतो. उदास माणसात तो गप्पच बसत नसावा, असं म्हणतात.

एवारिस्तो खुर्चीत ताडकन ताठ झाला. “म्हणजे मी आळशी नाही?”

“मुळीच नाही,” बाई म्हणाल्या.

दादा, तो तिथेच रडला. (मी खिडकीबाहेर बघत बसले. चार महिने त्याला आळशी कोण म्हणत होतं, हे तुला सांगायला नको.)

पण पुढे नुसता उच्छाद! खाटकाच्या दुकानात सगळ्या रांगेला व्याख्यान. शेजारची ओदिला लगेच म्हणते, “माझ्या डोक्यात तर आख्खा वाटाणा असेल बाई!” भांडी घास म्हटलं की, “हबेन्युला परवानगी देत नाही.” कचऱ्यालाही तेच उत्तर. रश्शात मीठ जास्त पडलं तर कपाळ धरून, “बघ, चेकाळला!” शेवटी मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “भांड्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. गोळ्या मात्र चुकवू देऊ नका.” निरोप ऐकून स्वारी मुकाट्याने मोरीशी उभी राहिली, आणि घासता घासता चक्क शीळ घालायला लागली. अगदी बेसूर. मी दाराआड उभी राहून शेवटपर्यंत ऐकली.

वहिनींना घट्ट मिठी.

तुझी,
नेलिदा

ता. क. ओदिलाने तुला खास नमस्कार सांगितलाय (वहिनींना हे वाचून दाखवू नकोस).

ता. क. दुसरा. गुरुवारी साडेदहाला बाईंकडे आणखी एक नाव लिहिलंय. माझं. पार्लरमध्ये रंग लावता लावता हुंदका येतो. परवा एका गिऱ्हाइकाचं डोकं अर्धं लाल, अर्धं पांढरंच राहिलं. एवारिस्तोला बोलले नाही, तो आत्ता कुठे उभा राहतोय. तू बुधवारची बस पकड. एवारिस्तोला म्हण, दात दाखवायला आलोय. आत यायला नको, बाहेरच्या बाकावर नुसता बस. मी दारातून मागे फिरायला लागले, तर ढकल.