खालच्या धक्क्यावरचा माणूस

रविवार, १ जून

विचारलं एकदाचं! चर्चमधून आल्यावर ओडेसाच्या ओट्यावर, उकडलेल्या शेंगा सोलता सोलता. म्हटलं, तुझा नवरा रॉइस जाऊन आता बराच काळ झाला, माझ्याही घरात कुत्र्याशिवाय बोलायला कोणी नाही, तर लग्न करू या का?

ती हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही. टरफल अंगणात भिरकावत म्हणाली, व्हर्लन, जुलैतल्या पहिल्या शनिवारी चर्चची मंडळी नदी उतरतात ना, त्या दिवशी माझ्याबरोबर ये. माझ्या ट्यूबला तुझी ट्यूब बांधायची. वरच्या धक्क्यापासून खालच्या धक्क्यापर्यंत. खाली पोचलो की उत्तर देते.

एवढंच? हवा भरलेल्या ट्यूबमध्ये बसायचं आणि वाहत जायचं. आमच्या गावातली शेंबडी पोरं कूटर नदीत झोपा काढत जातात. मी गडगडून हसलो. शेंग घशात अडकली. ओडेसाने पाठीत धपाटे घातले.

एवढी वर्षं मी नदीत उतरलो नाही ते निव्वळ कानामुळे, पाणी गेलं की ठणकतो. शिवाय नदी उलटी वाहत नाही. मंडळी खाली उतरली की त्यांना वर आणायला कोणीतरी गाडी आणि टॉवेल घेऊन खालच्या धक्क्यावर उभं राहायला नको? ते काम मी करतो. भीतीचा संबंध नाही.

सोमवार, २ जून, सकाळ

स्वप्नात मगर. रॉइसचा चष्मा घातलेली.

बुधवार, ११ जून

टायरच्या दुकानातून ट्रकची जुनी ट्यूब आणली. तयारी पद्धतशीर हवी. आज नुसतं बसण्याचा सराव, मागच्या अंगणात, गवतावर. सूर्य मावळेपर्यंत बसलो. एकदाही बुडालो नाही.

माझी बहीण मॉझेल शेजारीच राहते. कुंपणावरून बघत होती. म्हणाली, शाबास रे माझ्या वाघा, गवतावर तरलास! मी ट्यूबसकट तिच्याकडे पाठ केली. तिचा स्वभावच तसा आहे.

शनिवार, १४ जून

सराव दुसरा. मॉझेलच्या गाईंचा पाण्याचा पत्र्याचा हौद. ट्यूब आत मावेना, म्हणून तसाच उतरलो. पाणी छातीपर्यंत. छाती धडधडली, पण ती गारव्याने. डोळे मिटून अगदी शांत बसलो होतो, तेवढ्यात मानेवर काहीतरी ओलं आणि खरबरीत. मगर! मगर! असं ओरडलो. कोणीही सावध माणूस ओरडला असता.

वासरू होतं.

मॉझेल हसून हसून ओट्यावर बसली. म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं. आधी कान, मग गारवा, आता वासरू. अरे, ओडेसाला सरळ सांगून टाक की मी घाबरतो. मी म्हटलं, जे नाहीच ते सांगायचं कसं?

गुरुवार, १९ जून

आनंदाची बातमी. आमच्या खालच्या समुद्रात, गल्फमध्ये, वादळ उठलंय. कूटर जिला मिळते त्या मोठ्या नदीला पूर आला की तिचं तपकिरी पाणी उलटं आमच्या झऱ्यांत घुसतं आणि ट्यूबवाल्यांना बंदी घालतात. मी काही वाईट चिंतत नाही. फक्त गुडघे टेकून प्रार्थना केली की देवा, तुझ्या मनात असेल ते होऊ दे. आणि त्याच्या मनात काय असावं, तेही थोडं सुचवलं.

शनिवार, २१ जून

वादळ टेक्ससकडे वळलं. तिथल्या लोकांबद्दल वाईट वाटलं. माझ्याबद्दल जास्त.

बुधवार, २५ जून

पहाटे वरच्या धक्क्यावर जाऊन आलो. फक्त पाहणी.

लोक म्हणतात, झऱ्याचं पाणी कसं काचेसारखं! ते नितळ आहे हीच तर भानगड आहे. गढूळ पाण्यात माणूस बिनधास्त, खाली काय आहे ते कळतच नाही. इथे सगळं कळतं. तळाशी पडलेलं खोड दिसतं. खोडावरचं कासव दिसतं. कासवाचं तोंड दिसतं, आणि ते आपल्याकडे असतं. थोडं खाली, नदीच्या मधे, एक निळं भोक आहे, जिथून पाणी वर येतं. तिथे मात्र तळ दिसत नाही. एक पोरगी ट्यूबवर त्याच्यावरून गेली, आणि ती पाण्यावर आहे असं वाटेचना. हवेत लोंबकळतेय असं वाटलं. मी धक्क्याचा खांब धरला. फळ्या निसरड्या होत्या ना.

एक बूट काढला. अंगठा बुडवला. अंगठा परत घेतला.

मागे बघतो तो ओडेसा! मॉझेलनेच सांगितलं असणार. शेजारी बसली. मग म्हणाली, व्हर्लन, भीती वाटते का रे? वाटत असेल तर सांग, लाज कसली? मलाही वाटते. रॉइस गेल्यापासून मी एकदाही उतरलेली नाही. एकटीने त्या भोकावरून जायचं म्हणजे मी वरूनच परत फिरते.

बाई माणूस, घाबरायचीच. मी म्हटलं, ओडेसा, मी असताना तू कशाला घाबरतेस? माझा फक्त कान नाजूक आहे. तिने माझ्या अनवाणी पायाकडे पाहिलं आणि उठली. माझ्या धीराचं तिला कौतुक वाटलं असावं.

गुरुवार, ३ जुलै

घोडामैदान जवळ आलं. सगळं तयार. दोर नवा, निळा, नायलॉनचा. गाठ मारायला मी मामाकडून शिकलोय, मामा नौदलात होता. एकावर एक, त्यावर आणखी एक, मग पाणी शिंपडून आवळायची. लोक साधी सुरगाठ मारतात. माझी गाठ बैलालाही सुटायची नाही.

परवा मंडळींना व्हॅनने वर सोडायला चर्चमधला एमरी सॅप येणार. सोडून तो चर्चमध्ये मासे तळायला परत जाईल. माझा ट्रक सकाळीच खालच्या धक्क्यावर लावून ठेवायचा, त्यात टॉवेल, अंडी, सँडविच, गोड चहा. मी एमरीला विचारलं, तू का उतरत नाहीस? तर सगळ्यांसमोर म्हणाला, ब्रदर व्हर्लन, मला पाण्याची जाम भीती वाटते, मी बोंबलत सुटेन! एवढा मोठा बाप्या. मला त्याची कीव आली.

शनिवार, ५ जुलै, संध्याकाळ

घडलं ते जसंच्या तसं लिहितो, नाहीतर लोक तिखटमीठ लावतील.

सुरुवात उत्तम. बूट वरच्या धक्क्यावर काढले. दोन्ही ट्यूब बांधल्या. तिघांनी ओढून पाहिली, गाठ हलली नाही. ओडेसाने ट्यूब दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. माझं अख्खं अंग कापत होतं, पण ते थंडीने. मी डोळे मिटून घेतले, उन्हासाठी. ती काही काही सांगत होती, बघ व्हर्लन, पाणमांजर! बघ, बगळा! मी हूं हूं करत होतो. मजेत चाललं होतं.

मग ती एकदम गप्प झाली, म्हणून डोळे उघडले. आम्ही निळ्या भोकावर होतो. दोन्ही बाजूंना तळावर आमच्या सावल्या. माझी सावली खूप खोल होती, सावलीचे पाय लोंबत होते, आणि भोकाच्या कडेशी ती संपत होती. त्यापुढे काही नव्हतंच.

त्यानंतर मी पाण्यावर वाकलेल्या एका सायप्रस झाडाच्या फांदीवर होतो. कसा चढलो ते आठवत नाही.

ओडेसा खाली प्रवाहात, दोर ताणलेला, दोर माझ्या रिकाम्या ट्यूबला, ट्यूब माझ्या पायात अडकलेली. ती म्हणाली, सोड. मी म्हटलं, सोडतो. सोडवेना. ती म्हणाली, मग माझी गाठ तरी सोड. कशी सोडणार? माझीच गाठ! तिची नखं तुटली. मागून अख्खं चर्च एकेक करून तरंगत गेलं. कोणी म्हणालं, ब्रदर व्हर्लन, पार्किंग केलंत का? कोणी म्हणालं, फळं पाडा दोन-चार. पास्टरनी टोपी उचलून नमस्कार केला.

शेवटी दोर धरत जवळ येऊन तिने माझ्या ट्यूबचं बूच काढलं. ट्यूब फुस्स करत बसली, माझ्या पायातून निसटली, आणि ओडेसा गेली. एकटी. मागे माझी चपटी ट्यूब ओढत. वळणापर्यंत ती माझ्याकडे बघत होती. मी हात हलवणार होतो, पण दोन्ही हात फांदीला होते.

काठाकाठाने झुडपांतून आलो. अनवाणी. खालच्या धक्क्यावर मंडळी ओली, उपाशी, काचेतून आत अंड्यांकडे बघत उभी. ट्रक बंद. चावी माझ्या बुटात. बूट वरच्या धक्क्यावर. वर्षानुवर्षं गाडी मी सांभाळतो, नवशिक्यांना मीच बजावतो की खालच्या गाडीची चावी वर ठेवू नका!

ओडेसा धक्क्याच्या टोकाला बसली होती. मी जवळ गेलो. तिने मान वर न करता सांगितलं, तू नुसतं घाबरलोय म्हणाला असतास ना, तर मीही त्या झाडाला धरून बसले असते तुझ्याबरोबर, अंधार पडेपर्यंत.

मी म्हटलं, घाबरलो नव्हतो. फांदी कुजकी आहे का ते बघत होतो.

ती उठून मंडळींत जाऊन उभी राहिली.

रविवार, ६ जुलै

उत्तर दिलं नाही याचा अर्थ विचार चालू आहे. चर्चमध्ये ती माझ्यापासून लांब, दुसऱ्याच बाकावर बसली. तिथे पंखा चांगला लागतो.

गुरुवार, १७ जुलै

मॉझेलकडून कळलं, ओडेसा शनिवारी पुन्हा उतरणार आहे. कोणाबरोबर ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बायकाच असतील.

ठरलं. मी खालच्या धक्क्यावर जाणार, पण नुसता उभा राहणार नाही. ती दिसली की बूट काढून पाण्यात उतरणार, गुडघ्यापर्यंत तरी, आणि मोठ्याने सांगणार. काय सांगायचं ते तोंडपाठ केलंय. दोनच शब्द आहेत. माझ्या कुत्र्यासमोर, बिस्किटसमोर, म्हणून पाहिले, तरी बोबडी वळली. शनिवारी जमेल. टॉवेल दोन न्यायचे, एक तिला, एक मला.

शनिवार, १९ जुलै

बूट काढून उभा होतो. चावी खिशात.

दिसायच्या आधी ऐकू आलं. कोणीतरी गळा काढून बोंबलत होतं, मिस ओडेसा, मेलो! मिस ओडेसा, हात सोडू नका! वळणावरून दोन ट्यूब आल्या. एमरी सॅप, डोळे घट्ट मिटलेले, आणि ओडेसा, त्याचा हात दोन्ही हातांनी धरून. तीही किंचाळत होती, अगं आई गं, मला पण भीती वाटतेय! आणि हसत होती. तिला असं हसताना रॉइस गेल्यापासून ऐकलं नव्हतं. दोर माझाच, निळा. गाठ साधी, सुरगाठ. धक्क्याला लागल्यावर एमरीने एक टोक ओढलं आणि सुटली.

त्याने भोकावरच लग्नाचं विचारलं म्हणे. तिने तिथेच हो म्हटलं, ओरडायचा थांबावा म्हणून. तरी तो थांबला नाही.

मी पाण्यात उतरलो नाही. आता कोणाला सांगायचं होतं? ओडेसा वर आली, थांबली, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं. म्हणाली, व्हर्लन, तू येतोस का कधी, आम्ही दोघं धरू तुला. मी म्हटलं, कान.

तिला टॉवेल दिला. एमरी कुडकुडत होता, त्याचे दात वाजत होते. दुसरा त्याला दिला. मी नाहीतरी कोरडाच होतो.