पायरीवरची सावली

अहिल्यानगर
४ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
दीपाचा सा. न. वि. वि.

सोबतच्या डब्यात मिठाई नाही, हे वहिनींना आधीच सांगून ठेव, नाहीतर झाकण उघडल्यावर त्या मला दोन शब्द ऐकवतील. आत आपल्या घरचाच फोटो आहे, तुकडे केलेला. तुझ्या लग्नानंतर आपण सगळे मोहटादेवीला गेलो होतो, तेव्हा तिथल्या फोटोवाल्याने पायऱ्यांवर काढलेला. आप्पा, आई, तू, वहिनी आणि मी. मोठा करून प्लायवर चिकटवला आणि कापून घेतला. तुकडे मुद्दाम मोठे ठेवलेत, आईची बोटं आता वळत नाहीत म्हणून.

आमच्या समुपदेशन केंद्रात विसराळू झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मी हेच करते. बाजारातली हत्तीघोड्यांची कोडी दिली की त्यांना तो पोरखेळ वाटतो, राग येतो. आपल्या माणसाचा चेहरा हातात आला की मात्र नाव ओठांवर येतं. रोज ठरल्या वेळी बसवा. घाई नको. नाव आपण सांगायचं नाही, तिलाच आठवू द्यायचं. आणि सगळ्यांत लाडक्या माणसाचा तुकडा शेवटी हातात द्यायचा, म्हणजे चित्र पुरं झाल्याचा आनंद त्या माणसाला चिकटून राहतो. तो तुकडा मी मधला निवडलाय, पाठीवर खूण केली आहे. उलटून बघशील तेव्हा हसू नकोस.

फोन करायचा नाही म्हणतोस, तुझ्या मोबाईलचा आवाज मोठा आहे आणि आई दचकते म्हणून. मग नवा मोबाईल घे की! पण पत्रं लिहायला लागलास हे बरंच झालं. फक्त पाकिटावर नुसतं चि. दीपा असतं, सौ. काही येत नाही. रविराज म्हणतो, तुझ्या दादाच्या पेनातली शाई तेवढ्यापुरतीच संपते.

दादा, त्याच्याशी लग्न केल्यापासून आईने मला दारात उभं केलं नाही. ते मी गिळलं. आता ती सगळंच विसरायच्या आत तिच्या तोंडून एकदा माझं नाव निघावं, एवढंच हवंय. रागाने घेतलं तरी चालेल.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझी
दीपा

&nbsp;

तिसगाव
२० नोव्हेंबर २०२४

चि. दीपास,
संदीपचे अनेक आशीर्वाद.

डबा मिळाला. तुझी युक्ती लागू पडली बघ. आई रोज चहा झाला की ओसरीवर तुकडे मांडून बसते. पहिल्या दिवशी आप्पांचा चेहरा लागला तेव्हा, ते गेलेत हे विसरून म्हणाली, ह्यांना च्या दिला का न्हाई कुनी. मला अजून ती रंभाजीमामाच समजते, पण परवा फोटोतल्या मला संदीप म्हणाली. मी लई दिवसांनी माझं नाव ऐकलं. रानात जाऊन थोडा रडलो, तुला म्हणून सांगतो.

तुझा तुकडा शेवटीच देतो. आई तो बराच वेळ न्याहाळते, पदराने पुसते. नाव अजून घेतलं नाही, पण घेईल. एक घोटाळा झाला. तो तुकडा ओसरीवर राहिला आणि शेळीने चघळला. दुसरा असेल तर पाठव, नसेल तरी काही अडत नाही.

बाकी तब्येत ठीक. फक्त हल्ली कोडं झालं की आंघोळ मागते. सकाळची झालेली असली तरी डोक्यावरून पाणी घ्यायचंच म्हणते. थोडा खोकला धरलाय. काळजीचं कारण नाही.

रुपालीचा नमस्कार. जिवाला जपून राहा.

तुझा
दादा

&nbsp;

अहिल्यानगर
२ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या नाचले. पदराने पुसते म्हणजे ओळखते, दादा! नाव मागाहून येतं, माया आधी येते, हे मी केंद्रात रोज बघते. सोबत माझा नवा तुकडा आहे. तुझ्या शेळीला सांग, एवढ्या मोठ्या फोटोत तिला खायला मीच सापडले का? वहिनीही चांगल्या गुटगुटीत दिसतायत त्यात.

आंघोळीचं मनावर घेऊ नका. या आजारात एकच काम पुन्हा पुन्हा करावंसं वाटतं. अडवू नका, भांडू नका, पाणी कोमट ठेवा. मात्र कोडं एकही दिवस चुकवायचं नाही. आता कुठे दार किलकिलं झालंय.

लोभ वाढता राहो.

तुझी
दीपा

&nbsp;

तिसगाव
१८ डिसेंबर २०२४

चि. दीपास,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितोय. आईला पाथर्डीला दवाखान्यात ठेवलं होतं, छातीत कफ झाला. थंडी फार आहे आणि आंघोळ काही सुटत नाही. काल घरी आणलं. अंगात त्राण नाही, पण आल्या आल्या तिने तुकड्यांचा डबा मागितला.

तुझा दुसरा तुकडाही सापडत नाही. उंदराने नेला असावा. मला वाटतं, आता काही दिवस हे कोडं बंद ठेवावं. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि इकडे यायची घाई करू नकोस. मी कळवीन.

आपला जीव सांभाळ.

तुझा
दादा

&nbsp;

अहिल्यानगर
२४ डिसेंबर २०२४

सौ. रुपालीवहिनींस,
दीपाचा नमस्कार.

दादाला लिहून उपयोग नाही, तो तुमच्या शब्दाबाहेर नाही. म्हणून सरळ तुम्हालाच लिहिते. तुमच्या घरातली शेळी माझाच चेहरा खाते, उंदीरही माझाच चेहरा नेतो. आप्पांना कुणी हात लावत नाही, दादाला लावत नाही, तुम्हाला तर नाहीच. जनावरं फार हुशार आहेत तिसगावची.

वहिनी, तुम्हाला मी त्या घरात कधीच नको होते. माझं लग्न झालं तेव्हा सगळ्यांत जास्त सुटल्यासारखं तुम्हालाच वाटलं असणार. आता आईच्या मनातूनही मला काढायला बसलात? त्यासाठी तिला उपचाराविना ठेवायचं, थंडीत भिजवायचं? ज्या सासूला तुमचं नावसुद्धा आठवत नाही, तिच्यावर एवढा कसला हक्क? आजारी माणसाच्या हातातलं खेळणं काढून घेणाऱ्या बाईबद्दल आमच्या केंद्रात काय बोलतात, ते इथे लिहीत नाही.

तिसरा तुकडा पाठवते आहे. तो तरी जागेवर ठेवा.

आपली माया कधी नव्हतीच, तेव्हा तिच्याबद्दल लिहीत नाही.

दीपा

&nbsp;

तिसगाव
३० डिसेंबर २०२४

दीपाताईंस,
रुपालीचा नमस्कार.

पत्र मिळालं. तुमच्या दादांना दाखवलं नाही. ते तुम्हाला खरं लिहिणार नाहीत आणि मला खोटं लिहायचा कंटाळा आलाय. तुमचा तुकडा शेळीने खाल्ला नाही. शेळी आम्ही गेल्या उन्हाळ्यातच विकली.

आई सगळे तुकडे लावतात. शेवटी तुमचा हातात घेतात, पदराने पुसतात, इथपर्यंत दादांनी लिहिलं ते खरं आहे. मग त्या रडायला लागतात. उठतात, आणि परसात बंब पेटलेला असतो त्यात तुमचा चेहरा टाकतात. तो जळेपर्यंत उभ्या राहतात. तुकडा नसतो त्या दिवशी रिकामी मूठच बंबात उघडतात. मग डोक्यावरून पाणी मागतात.

तुमच्या लग्नाची बातमी आली त्या दिवशी आईंनी तुमच्या नावाने आंघोळ केली होती. पाणी मीच ओतलं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं का, ते तुम्ही तेव्हा विचारायचं होतं. पोरगी आम्हाला मेली, असं त्या रागाने म्हणाल्या होत्या. आता राग विसरल्या. तुमचं लग्न विसरल्या, रविराज कोण, त्यांचं घर बौद्ध, आपलं कोणतं, काही आठवत नाही. मेली एवढंच राहिलंय. विचारलं तर म्हणतात, पोरगी व्हती माजी, गेली, कशानं गेली ते मला कुनी सांगंना. आणि ताई, हे त्यांना रोज नव्याने कळतं. तुम्ही सांगितलंत ना, एकही दिवस चुकवायचा नाही? दवाखान्यातले दिवस सोडले तर एकही चुकला नाही. तुमच्या कोड्याने त्यांनी रोज तुम्हाला अग्नी दिलाय.

मोबाईलचा आवाज मोठा नाही. गणपतीत तुम्ही फोन केलात तेव्हा तो त्यांच्या कानाला लावला होता. मेलेल्या पोरीचा आवाज आला म्हणून त्या खाटेखाली शिरल्या आणि दिवसभर बाहेर आल्या नाहीत. म्हणून पत्रं. म्हणून येऊ नका.

मला त्या गोजरबाई म्हणतात. गोजरबाई आपल्याकडे कांदे काढायला यायची. इतकी वर्षं नांदून मी कांदे काढणारी झाले, तरी मी फोटोतला माझा चेहरा शेवटी ठेवा म्हणाले नाही. सगळ्यांत लाडकं माणूस म्हणून तुम्ही तुम्हालाच निवडलंत. एवढं शिकलात, पण हा उपचार आईंचा होता की तुमचा?

तिसरा तुकडा माझ्याकडे आहे. तो मी दिला नाही, आणि देणार नाही. सासू माझ्या हातून न्हाऊन न्हाऊन मेली असं मला नको.

राग आला तर माझ्यावर धरा, भावावर नको.

रुपाली

&nbsp;

अहिल्यानगर
१२ जानेवारी २०२५

सौ. वहिनींस,
दीपाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून मी केंद्रात गेले नाही. कुणाच्या हातात कोडं द्यायची भीती वाटते. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते लिहायची लाज वाटते. मागच्या पत्रात मी जे बोलले त्याची माफी मागत नाही, कारण तुम्ही ती सहज द्याल आणि मला ते सोसणार नाही.

जुना डबा सगळाच बंबात टाका. माझ्याकडे माझ्या चेहऱ्याचे आणखी तुकडे होते, हरवले तर असावेत म्हणून जास्तीचे कापून घेतले होते. ते मी इथे जाळले. पण आईला कोड्याची सवय लागली आहे, ती एकदम मोडली तर ती सैरभैर होईल. म्हणून नवं पाठवते. त्याच दिवशीचा, त्याच पायऱ्यांवरचा फोटो आहे. आप्पा, आई, दादा, तुम्ही. मी त्यात नाही, हा मी काढला होता. माझ्या पाठीमागे ऊन होतं, त्यामुळे खालच्या पायरीवर आईच्या पायांपाशी माझी सावली पडली आहे. ती कापून टाकणार होते. कात्री हातात घेतली आणि ठेवली. तुम्हाला वाटलं तर तुम्ही कापा.

शेवटचा तुकडा आप्पांचा ठेवा. आणि एखाद्या दिवशी तुमचाही ठेवून बघा.

मी येत नाही. मेलेल्या माणसाने येऊ नये.

माझ्या आईवर माया असू द्या.

दीपा

&nbsp;

तिसगाव
२ फेब्रुवारी २०२५

सौ. दीपाताईंस,
रुपालीचा सा. न. वि. वि.

नवा डबा पोचला. जुना बंबात टाकला, आईंनी बघितलाही नाही. सावली मी कापली नाही. कशी कापणार, तिच्यावर आईंची बोटं आहेत, जोडव्यांची.

आंघोळ थांबली. खोकला उतरला, भाकरी खातात. कोडं झालं की टाळ्या वाजवतात आणि पुन्हा मोडून मांडतात. कुणी गेल्याचं रडणं नाही. पोरगी होती का विचारलं तर म्हणतात, मला नुस्ता एक ल्योक. ताई, तुमचं औषध पूर्ण लागू पडलं.

काल तो खालचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत बसल्या. ही कुनाची सावली, म्हणून विचारलं. मी काय सांगणार? फोटो काढणाराची, म्हटलं. तर कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, त्याला म्हनावं सरक की बाजूला, पायावरचं ऊन आडवलंय. आणि तुकडा नीट जागेवर लावला. आता रोज लावतात, आणि रोज मला तोच निरोप सांगतात.

सांगायला सांगितलंय, म्हणून कळवते.

तुमची
वहिनी