सेलिनाची होडी

गुरुवार, नोव्हेंबर २००२

ती मातीची होडी डोळ्यांपुढून हलत नाही. आज सहावीला इजिप्तची थडगी शिकवली. मुलांनी बुटांच्या खोक्याचं थडगं केलं, चिंध्यांची ममी केली. राजासोबत होडीही पुरायचे, म्हणून पाचूबंदर कोळीवाड्यातल्या सेलिनाने होडी केली होती. ती आत ठेवून मी झाकण लावायला गेले, तर तिने माझं मनगट धरलं. "टीचर, होडी नका पुरू."

तिच्या बाबांची होडी वादळातून अजून परतलेली नाही. ठाऊक असून मला सुचलं कसं नाही? होडी बाहेर काढून खिडकीत ठेवली, तोंड समुद्राकडे करून.

सेलिनाने पुढे येऊन ती फिरवली, तोंड आमच्याकडे केलं. म्हणाली, "जात नाय, टीचर. येतेय ती."