मुकुलरावांच्या तोडीचा चेहरा

१८ जानेवारी
ईशानीने होणाऱ्या सासऱ्यांचा फोटो दाखवला. डॉ. मुकुलराव, इंदूर. त्वचारोगतज्ज्ञ. म्हणजे खाज, खरूज, नायटे. वय साठ, गाल पॉलिश मारल्यासारखे. दोन तारखेला मंडळी बनारसला येणार, पोरीला रीतसर मागणी घालायला. असल्या चकचकीत माणसांची मला कीव येते. आतून पोकळ असतात.
नंतर आरशात पाहिलं. उजेड वाईट होता.

१९ जाने.
ठरलं. रोज ब्रशने फेस काढून ओली दाढी, आणि त्यावर स्किनकेअर. पद्धतशीर. बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला चौदा दिवस पुष्कळ झाले. कालिंदी म्हणाली, दाढीनंतर थोडं खोबरेल लावा, बास. बाई केमिस्ट्रीत बीएस्सी आहे. लग्नाआधी मला हेच सांगून भुरळ घातली होती.

२१ जाने.
चौकातल्या मेडिकलमधून आफ्टरशेव्ह, ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं सीरम आणि रेटिनॉल क्रीम आणलं. काउंटरवरच्या गीताजी म्हणाल्या, “अंकल, एक-एक करके शुरू कीजिए. और शेव के तुरंत बाद तो बिल्कुल नहीं.” स्वतः पन्नाशीच्या, आणि मला अंकल म्हणतात. निरीक्षणशक्ती ही अशी. त्वचेतलं काय कळणार?

२२ जाने. सकाळी ७.१०
दाढी. आफ्टरशेव्ह. लगेच सीरम. लगेच क्रीम. चेहरा पेटला. म्हणजे काम सुरू झालं.
ओरडलात का, असं विचारत कालिंदी धावत आली. स्तोत्र म्हणत होतो, असं सांगितलं.

२४ जाने.
गालांवर लाली. यालाच तेज म्हणतात. बँकेत शेजारच्या टेबलावरच्या वेणीमाधवने विचारलं, काय हो, घरी काही झालं का? हा गृहस्थ आठवड्यातून दोनदा दाढी करतो आणि वर टॉवेल फिरवतो. संपलं सौंदर्यशास्त्र. असल्यांमुळेच बनारसची मराठी मंडळी मागे राहिली.

२६ जाने.
सुट्टी. दोनदा दाढी, दोनदा पूर्ण कोर्स. ईशानी म्हणाली, बाबा, ते लोक आले की जरा मोकळं बोला हं, ऋतुराज तुम्हाला घाबरून आहे. जावई घाबरलेलेच बरे. शिवाय माझी तयारी वेगळ्या पातळीवर चालू आहे. हिला कुठून समजणार?

२९ जाने.
साल निघते आहे. जुनी त्वचा जाणार, नवी येणार. नवीही निघते आहे.
सनस्क्रीन सुरू केलं. चार दिवस सूर्य नाही. रामघाटावरून पाण्यातली नावसुद्धा दिसेना, इतका कोहरा. माझं पांढरं तोंड बघून एक नाववाला हसला. अडाणी.

१ फेब्रुवारी
बोललं की ओठांच्या कडा फाटतात. म्हणून बोलत नाही. पेज प्यायलो. कालिंदी म्हणाली, हात जोडते, आता तरी थांबा. ऐन वेळी कच खाणारं माझं घराणं नाही. तिचं असेल.

२ फेब्रु. संध्याकाळी
मंडळी आली. मुकुलराव, त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई, ऋतुराज. सकाळी पूर्ण कोर्स केला होता. चेहरा मडक्यासारखा ताठ. हसणं शक्यच नव्हतं. भारदस्त दिसत असणार.
मुकुलराव म्हणाले, मुलांनी ठरवलंच आहे, पण तुमची पसंती आहे ना? हो म्हणायला तोंड उघडलं, कड फाटली, डोळ्यांत टचकन पाणी आलं. मान फिरवली. तोंडातून नुसतं ‘हं’ निघालं.
पोहे कोणी संपवले नाहीत. अर्ध्या तासात उठले.
ईशानी म्हणाली, “तुम्हाला हे नको होतं तर आधी सांगायचं ना बाबा.” आणि खोलीचं दार लावून घेतलं. कालिंदी अर्धवट पोह्यांच्या बशा उचलायला लागली. काहीतरी बोलायला हवं होतं तिने.

३ फेब्रु.
सकाळीच संकठा घाटाजवळच्या त्यांच्या लॉजवर गेलो. वाऱ्याने गाल सोलून निघत होते. बॅगा दारात. दुपारची गाडी.
म्हटलं, “माझा विरोध नाही. ते क्रीम होतं.”
कुणाला काही कळेना. मग सगळं सांगावं लागलं, सीरमच्या नावासकट. तुमच्यासारखं दिसायचं होतं, हेही बोलून गेलो. अन्नपूर्णाबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. ऋतुराज भिंतीकडे बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते.
मुकुलराव मात्र हसले नाहीत. तेच जड गेलं. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं, हनुवटी धरून चेहरा उजेडात फिरवला. म्हणाले, “सगळं बंद. कोमट पाणी आणि साधी पेट्रोलियम जेली. तीन आठवडे दाढी नाही.” मग खुर्ची पुढे करून म्हणाले, “बसा. आणि मुलगी आमची झाली, बरं का.”
डोळ्यांतून पाणी आलं. आज काही लावलं नव्हतं. कालच्या क्रीमचं असणार.

५ फेब्रु.
दाढी नाही. खुंट सगळे पांढरे निघाले.
ईशानी चहा घेऊन आली, समोर बसली. म्हणाली, बाबा, आता हसता येतं का?
हसून दाखवलं. दुखलं.
म्हणाली, पुन्हा.