आधी दुसरी बाजू

॥ श्री ॥
लोणी काळभोर,
१० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दाजींस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेच्या जेवणात तुमचा आवाज चढला, माझाही चढला, आणि खालच्या काकू वर येऊन, घरात कोणी गेलं का, असं विचारून गेल्या. त्यानंतर अक्कानं काढलेला हुकूम मी पाळतो आहे. फोनवर तब्येत, पाणी आणि स्पृहाचं लग्न एवढंच बोलायचं. रॉकवर भांडायचं असेल तर कागदावर भांडा, कागदाला ओरडता येत नाही, असं ती म्हणाली. म्हणून हा कागद. तिकीट मागितलं तेव्हा पोस्टातल्या बजरंगनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तार करायला आलो होतो.

आता मुद्दा. तुमच्या बैठकीच्या खोलीत इतकी वर्षं जमणारं आपलं श्रोते मंडळ नव्वदनंतरच्या दहा रॉक अल्बमांची यादी करतं आहे. नऊ ठरले. यादी भिंतीवर लागणार, प्रत्येक अल्बमसमोर तो सुचवणाऱ्याचं नाव. सगळ्यांची नावं आली, काहींची दोनदा आली. माझं नाही. मी मागच्या सतरंजीवर बसतो. देवळातला टाळकरी म्हणून चहा भरून मिळतो, मत कोणी विचारत नाही.

दहाव्या जागेसाठी तुम्ही ‘नाइन फ्लोअर्स’ लावून धरला आहे. लावा. मी टिन ऑर्चर्डचा ‘स्लो फर्नेस’ मागे घेणार नाही. हा अल्बम कुणालाच आवडला नव्हता, हे तुम्ही जेवताना तीनदा सांगितलंत. कुणाला आवडावा म्हणून मी ऐकत नव्हतो.

तो सुरूच होतो भट्टीत. ड्रम अंगावर येतात, गाणारा माणूस घसा फाडून काहीतरी मागतो आणि ते त्याला मिळत नाही. मग हळूहळू एकेक वाद्य उठून निघून जातं. शेवटच्या गाण्यात एकच गिटार उरते, माणूस गात नाही, जवळजवळ बोलतोच. मग काही नाही. आमच्या देवळात आरती संपून टाळ खाली ठेवले की कोणी लगेच उठत नाही, तसं. ज्यानं हा क्रम लावला त्याला काहीतरी कळलं होतं. त्या अनोळखी माणसाला मी मनोमन नमस्कार करतो.

अक्कास नमस्कार, स्पृहास आशीर्वाद. लोभ असू द्यावा, मत बदलण्याचा आग्रह नसावा.

आपला,
ज्ञानदेव


सदाशिव पेठ, पुणे
१६ नोव्हेंबर २०२४

चि. ज्ञानदेव यास अ. उ. आ.

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे.

तुझा नमस्कार योग्य ठिकाणी पोचला. तो क्रम लावणारा अनोळखी माणूस मी आहे.

तू आमच्याकडे राहून डिप्लोमा करत होतास, त्या वर्षी संतोष नावाच्या मित्राकडून मूळ कॅसेट एका दिवसाच्या बोलीवर आणली होती. त्याच्याकडे ती इतकी फिरली होती की वरचं छापील लेबल पार घासून गेलं होतं. मी ती हाताला आली तशी डेकमध्ये घातली. दुसरी बाजू आधी उतरली, पहिली नंतर. तुझ्यासाठी भरलेल्या कॅसेटवर निळ्या पेननं १ आणि २ हेही मीच घातलं. तेव्हा मला पत्ता नव्हता. भाऊबीजेनंतर स्पृहानं तिच्या फोनवर हा अल्बम लावला, तर पहिल्याच गाण्याला तुझी ती एकटी गिटारवाली बाजू सुरू झाली. मला वाटलं फोन बिघडला. शोधून पाहिलं. फोन बरोबर होता, मी चुकलो होतो, आणि तू माझ्या आळसाची पूजा करत होतास.

मूळ अल्बम शांतपणे सुरू होतो आणि भट्टीत संपतो. ड्रम चालू असतानाच शेवटचं गाणं तोडलंय, सुरीनं कापावं तसं. तुझी ती आरतीनंतरची शांतता टिन ऑर्चर्डच्या स्वप्नातही नाही. त्यांना माणूस जाळून सोडायचा होता.

तरीही मी न्याय सोडत नाही. १ डिसेंबरच्या रविवारी मंडळात तुझा अल्बम लावतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मूळ क्रमानं. तू यायचं. सुरुवातीला दोन वाक्यांत सांगायचं की आजवर उलटं ऐकत होतो. मंडळ दिलदार आहे, कोणी हसणार नाही. मी हसेन, पण आत स्वयंपाकघरात जाऊन.

श्यामला म्हणते, भावाला लिहा, येताना भाजी आणू नकोस, गेल्या वेळची वांगी अजून संपत नाहीत. लोभ आहेच, तो ऐकण्याच्या क्रमावर अवलंबून नाही.

तुझा,
अनंत


॥ श्री ॥
लोणी काळभोर,
२२ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दाजींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस कॅसेटला हात लावला नाही. उत्कर्षानं विचारलं, भावजींनी काय लिहिलंय. मी म्हटलं, माझा देव उलटा बसवलाय असं लिहिलंय. ती म्हणाली, मग सरळ करा. बायकोला इतकं सोपं वाटतं.

सकाळी काकड्याला टाळ धरला तरी डोक्यात तेच. शेवटी एक गोष्ट नक्की झाली, ती लिहितो.

चूक तुमची होती. ऐकणं माझं आहे.

आमचे वडील, नाना, गेले ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. कॉलेजच्या वर्कशॉपमधून पोरांना लेथ शिकवून घरी यायचो आणि नानांच्या खोलीत बसून ही कॅसेट लावायचो. आधी भट्टी. त्या वेळी मला भट्टीच हवी होती, माझ्या वतीनं कोणीतरी ओरडायला हवं होतं. आणि मग, मी मागितली नव्हती तरी, शांतता यायची. त्या वर्षी भजनात माझा सूर लागत नव्हता, देवापुढे उभं राहिलं की राग यायचा. देवळाकडे मला परत कुणी आणलं असं विचाराल, तर या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूनं आणलं. तुमच्या मूळ क्रमानं ऐकली असती तर शांततेतून उठून रोज भट्टीत गेलो असतो. तिथून मला कोणी बाहेर काढलं असतं?

देवळात विचारतात, माळकरी माणूस असला गोंगाट कसा ऐकतोस. तुमच्या खोलीत विचारतात, टाळकऱ्याला रॉक काय कळणार. दोन्हीकडे मी आजवर हसून वेळ मारून नेली. आता दोन्हीकडे एकच उत्तर देतो. कळतं.

तेव्हा मी उलटं ऐकत होतो असं सांगायला रविवारी येणार नाही. अक्का काल येऊन गेली, तिच्याबरोबर माझी कॅसेट पाठवली आहे. लावायची तर ती लावा, तुमच्याच हातचा १ आणि २ बघून. नाहीतर ‘नाइन फ्लोअर्स’ला हार घाला.

वांगी कॅसेटच्या पिशवीतच आहेत. अक्काला सांगा, ती तुमच्यासाठी आहेत. राग असला तरी लोभ उतरू देऊ नये.

आपला,
ज्ञानदेव


खराडी, पुणे
२ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,
साष्टांग नमस्कार. (बरोबर ना? आईला विचारून लिहिलंय.)

आयुष्यातलं पहिलं पत्र लिहितेय, तेही ऑफिसच्या कँटीनमध्ये. शेजारचा मुलगा विचारतोय की राजीनामा लिहितेस का.

मामा, तू जिंकलास!

नीट सांगते. काल सगळे आले. बाबांनी तुझी कॅसेट पिशवीतून काढली, हातात धरून बराच वेळ बघत बसले. मला वाटलं, लावतात आता. पण मग ती शेल्फवर ठेवली आणि म्हणाले, कलाकारानं दिलं तसंच ऐकायचं, इथे सवलत नाही. ओरिजिनल ऑर्डरमध्ये लावलं. मी खरं तर फक्त भज्यांसाठी थांबले होते. आमच्या पिढीला अख्खा अल्बम ऐकायची सवय नाही, एक गाणं आवडलं की तेच लूपवर. पण मामा, काय अल्बम आहे! एंडला ते ड्रम्स वाढत जातात, वाढत जातात, आणि खट्. कट. साईनाथकाका, जे कधी कशालाच चांगलं म्हणत नाहीत, त्यांच्या हातातला चहा तसाच गार झाला. नंतर म्हणाले, हा माणूस इतकी वर्षं हे घेऊन आपल्या मागे बसला होता आणि आपण त्याला पुढे सरक म्हटलं नाही.

मग बाबांनी स्वतःच ‘नाइन फ्लोअर्स’ मागे घेतला. सिरीयसली! सगळ्यांचे हात वर. एकमतानं. बाकीच्या नऊपैकी एकही एकमतानं आला नव्हता.

यादीचं डिझाइन मी करतेय. दहावा नंबर: ‘स्लो फर्नेस’, टिन ऑर्चर्ड. सुचवणारे: ज्ञानदेव, लोणी काळभोर. रविवारी फ्रेम लागणार. तू आणि मामी नक्की या. साईनाथकाका तुझ्यासाठी पुढची खुर्ची ठेवणार आहेत. मूळ अल्बमची लिंक तुझ्या फोनवर पाठवलीये, प्लीज एकदा ऐक. आणि बाबांवर चिडू नकोस, घरात कालपासून फक्त तुझाच विषय आहे.

खूप सारं प्रेम, आणि रविवारी ये म्हणजे ये.

तुझी,
स्पृहा


॥ श्री ॥
लोणी काळभोर,
६ डिसेंबर २०२४

ती. स्व. दाजींस,
शि. सा. न. वि. वि.

स्पृहाचं पत्र मिळालं. पोरीनं किती आनंदानं लिहिलंय. त्यातली माझ्या नावाची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, हे लपवत नाही. त्या भिंतीवर नाव लागावं असं मला फार वाटत होतं. पुढच्या खुर्चीचं वाचून तर उत्कर्षानं सदरा इस्त्री करायला काढला.

तिनं पाठवलेला अल्बम मी ऐकला, तुमच्या क्रमानं. काकड्याहून आल्यावर, अंघोळ करून, मध्ये न उठता. साईनाथ म्हणतात ते खरं आहे. जबरदस्त आहे. शेवटी तोडतात तिथं मी आजवर फक्त बाजू उलटायला उठायचो, या वेळी हात छातीवर गेला. तुमच्या मंडळानं निवडला तो योग्यच निवडला.

पण दाजी, तो मी सुचवलेला नाही. शेजाऱ्याच्या मुलाचा पहिला नंबर आला आणि तो दिसायला माझ्या मुलासारखा आहे, म्हणून मी पेढे वाटू का? मी सांगत होतो तो अल्बम जळून झाल्यावर शांत होतो. तुम्ही एकमतानं निवडलात तो शांततेतून उठून पेटतो. गाणी तीच असतील. माझा अल्बम तो नाही.

माझी कॅसेट तुमच्या हातात होती. तुम्ही ती शेल्फवर ठेवलीत. मंडळानं ती ऐकून, टाकाऊ आहे, उलटी आहे, टाळकऱ्याची आहे, असं म्हटलं असतं तर मी मान्य करून मागच्या सतरंजीवर परत बसलो असतो. न ऐकता मात्र मी जिंकत नाही.

माझं नाव काढा. चुकून लागलं तर मी स्वतः येऊन काढीन, आणि मग खालच्या काकूंना वर यावंच लागेल.

स्पृहाला समजावून सांगा, तिच्यावर राग नाही. तुमच्यावर आहे, पण घरच्या माणसावर असतो तेवढाच. तेवढा लोभ मला पुरतो.

आपला,
ज्ञानदेव


सदाशिव पेठ, पुणे
१५ डिसेंबर २०२४

चि. ज्ञानदेव यास अ. उ. आ.

तुझं पत्र गेल्या रविवारी मंडळात मोठ्यानं वाचलं. परवानगी घेतली नाही. दिली नसतीस.

गोंधळ झाला. साईनाथ म्हणाला, माणूस हट्टी आहे, आपण नाव लावून टाकू, कालांतरानं निवळेल. मी म्हटलं, मी त्याला तीस वर्षं ओळखतो, हा निवळणाऱ्यातला नाही. मग कुणीतरी सुचवलं की माझं नाव लावावं, कारण अल्बम शेवटी मीच लावला. मी विचारलं, वाढप्याला आचारी म्हणतात का? मग म्हणे ‘नाइन फ्लोअर्स’ परत आणा. तो मी स्वतः हरवला आहे, रिकाम्या खुर्चीवर त्याला बसवून त्याचा आणखी अपमान करणार नाही. श्यामला आतून म्हणाली की देवळात आणि महापालिकेत याहून कमी वाद होतात. तिला चहाचं विचारून गप्प केलं.

शेवटी कॅसेट लावा असंही एकजण म्हणाला. त्याला मी नाही म्हटलं, आणि याबद्दल तुझी माफी मागणार नाही. ती १ डिसेंबरलाच ऐकायला हवी होती, जेव्हा तुला हरायची तयारी होती. आता लावली तर तुला मनवायला लावल्यासारखं होईल. ती श्यामलाबरोबर परत पाठवतो आहे. ऐकायचीच झाली तर मी लोणीला येऊन तुझ्या घरी ऐकेन, आणि आवडली नाही तर तिथेच तोंडावर सांगेन. भट्टी शेवटीच हवी, हे माझं मत तोवर कायम आहे.

यादी काल भिंतीवर लागली. स्पृहा रडवेली झाली होती, तरी तिनं तू म्हणालास तसं नाव काढलं, आणि सुचवणाऱ्याशिवाय अल्बम लागत नाही म्हणून तोही काढला. नऊ ओळी भरलेल्या आहेत आणि खाली १० हा आकडा. पुढे काही नाही. साईनाथ म्हणतो, विचित्र दिसतं. मी म्हटलं, दिसू दे. आज मंडळात एक नवीन गृहस्थ आले, त्यांनी विचारलंच की दहावा कोणता. साईनाथनं सांगितलं, अजून ठरलेला नाही. मी त्याला थांबवलं. म्हटलं, ठरलेला आहे, आम्हीच ऐकलेला नाही.

मतभेद आहे, लोभही आहे. दोन्ही वाढवावेत.

तुझा,
अनंत