गोल कॉलरचा फर्मा

बाबा, तुमचा खोकला कसा आहे? आईच्या गुडघ्यांना आराम पडला का, की तिकडेही कोणी तिला पाट्यावर वाटायला बसवलं? मोठ्या काकूंना ऐकू येऊ लागलं असेल तर त्यांना माझा नमस्कार जोरात ओरडून सांगायची गरज नाही. इकडे दादाची साखर वाढली आहे, वहिनी बरी आहे, मी ठणठणीत आहे, फक्त सुईत दोरा ओवायला आता तीनदा थुंकी लावावी लागते. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहिलं नाही. आज लिहून राहिली, कारण माझा जळफळाट झाला आहे आणि तो ऐकून घेईल असं दुसरं कोणी नाही.

दादाच्या धाकट्याचं लग्न ठरलं. तुमचा भिंतीवरचा फोटो पाहून पोट्टा लग्नाच्या शर्टाबद्दल म्हणाला, "आत्या, मुझे दादाजी वाली गोल कॉलर चाहिए. नुकीली तो सब पहनते हैं." मग दादा शंकर नगरच्या त्याच्या घरून कॉलर कापायचा तुमचा पुठ्ठ्याचा फर्मा घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. म्हणाला, "बाबाच्या फर्म्यावरच काप बरं. आणि मले परत दे." मी म्हटलं, हव.

तुमचं दुकान होतं तेव्हा सगळ्या रायपूरला लांब टोकांच्या कॉलरी हव्या होत्या, कुत्र्याच्या कानासारख्या. तुम्ही त्या शिवायचे आणि स्वतः मात्र गोल घालायचे. रेल्वेतले ते जाडे बाबू दुकानात शिरताच म्हणायचे, "मास्तर, पोरीच्या झबल्याची कॉलर काहून लावली?" तुम्ही कात्रीवरची नजर न काढता म्हणता, "टोकदार बोलणारे दुकानात पुष्कळ येतात, भाऊ. कॉलर तरी गोल असू द्या." मी कोपऱ्यात काज-बटण करत हसते आहे. तुम्ही दादाला हाक मारता, "इकडं ये, कात्री धर," आणि दादाचं सगळं लक्ष पाऱ्यातल्या गल्लीत खेळणाऱ्या पोरांच्या क्रिकेटकडे. मी एकदा तुम्ही जेवायला गेलेले पाहून फर्मा रद्दीवर ठेवला, पेन्सिल फिरवू लागले, तर तुम्ही मागून येऊन तो हातातून ओढून घेतला. "ठेव तो. दादाचा आहे. पोट्टीले कटिंग शिकवून काय करू?" त्या दिवशी माझी भाजी खारट झाली आणि तुम्ही काही न बोलता खाल्ली. ते मला जास्त लागलं.

तुम्ही मला काम दिलं कॉलरी पलटायचं. मानेजवळ कॉलर विरली की लोक शर्ट टाकत नसत. ती उसवायची, विरलेली बाजू आत घालायची आणि परत शिवायची. उसवणं म्हणजे पोरीचं काम. पण बाबा, उसवणाऱ्याला आतलं सगळं दिसतं. कॉलरीतलं कडक बकरम कुठं तिरपं कापलं, गोलाईत शिवणीला किती कट दिले, सगळं. तुमची स्वतःची कॉलर मी पलटली तेव्हा आधी ती पुठ्ठ्यावर पसरली आणि कडेनं पेन्सिल फिरवली. तो पुठ्ठा कापला, तोच माझा फर्मा. तुम्ही जाताना दादाला फर्मा दिला, मला बोटात घालायचं अंगुस्तान. दादा तोवर सिलतऱ्याच्या कारखान्यात लागला होता. त्यानं त्यावर एक कॉलर कापली असेल तर शपथ. मी भनपुरीत घरी मशीन टाकून अख्खं आयुष्य शिवलं, आणि त्याच्या कपाटातल्या त्या पुठ्ठ्यावर जळत राहिले.

परवा दोन्ही फर्मे एकावर एक ठेवले. माझा गोलाईत सुतभर जास्त भरलेला निघाला. विरलेलं कापड ताणलं असेल. दुपारभर बसले. मग कापड माझ्याच फर्म्यावर कापलं.

आज पोट्ट्यानं शर्ट घालून पाहिला. मग दादानं तो हातात घेतला आणि तुम्ही पाहायचे तशी कॉलर मधोमध दुमडून दोन्ही टोकं जुळवली. जुळली. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "पाहून घ्या, हा बाबाचा हात. दुसऱ्या कोणाले जमणार नाही."

वहिनी म्हणाली, "अन् शिवला कोणी?"

"शिवला इनं. पण हात बाबाचा."

सगळा जन्म दादावर जळले, आणि आज या वयात तुमच्यावरही जळायची पाळी आली. हातात कात्री नाही, देह नाही, तरी शाबासकी तुम्हीच घेऊन गेलात.

हे पत्र कुठं टाकणार? मशीनच्या खणात राहील. एक सांगायचं राहिलं. दादाच्या वर्तमानपत्रात मी माझा फर्मा गुंडाळला आहे. तुमचा या पत्राखाली आहे. दादा उघडून पाहणार नाही, आजवर कधी पाहिला नाही. तरी तुम्हाला राग आला असेल तर लवकर उत्तर पाठवा. रविवारी तो न्यायला येणार आहे, तोवर बदलता येईल.