ध्वनीचा क्लब

रविवार, संध्याकाळ

आज क्लबच्या स्पर्धेत ध्वनीची टीम जिंकली. मी बाबांच्या गोरवा भागातल्या वर्कशॉपमध्ये रोबोटिक्स क्लब सुरू केला, तेव्हा ही शाळकरी पोर मला विचारल्याशिवाय स्क्रूही पिळत नव्हती. आता क्लब तीच चालवते. तो इतका वाढलाय, की दारातल्या नव्या गुजराती मुलीने मला न ओळखता अडवलं, "बेन, पालकांनी वर बसायचं."

फायनलआधी ध्वनीच्या रोबोटची मोटर जळली. ध्वनी धावत माझ्याकडे आली. "ताई, जादा आहे का गं?" जुन्या सवयीने पिशवीत आणलेली होती. नाही म्हणावंसं वाटलं, खरंच वाटलं. दिली.

जिंकल्यावर तिने मिठी मारली. "पुढच्या वर्षी आमच्याकडे परीक्षक म्हणून येशील ना?"

आमच्याकडे! हो म्हटलं, हसलेसुद्धा. म्हणजे मी आता पाहुणी. आणि माझ्यापेक्षा छान चालवतेय मेली, हेच तर सोसवत नाही.